दोन धातूंमधला लेप

लेप म्हटला कीं आमच्या वाचकांच्या, विशेषतः वाचक-भगिनींच्या डोळ्यांपुढें सहाण उभी राहील. डोकें दुखूं लागलें कीं सुंठ उगाळावयाची, पाय मुरगळला कीं आंबेहळद, घामोळ्यांवर चंदन. आणि चुलीचें राज्य होतें तोंपर्यंत पातेल्याच्या बुडालाहि राखेचा किंवा मातीचा हात फिरवून मगच तें विस्तवावर चढवावयाचें, म्हणजे काजळी भांड्यास न धरतां लेपास धरते व घांसतांना श्रम वांचतात, हें ज्ञान आमच्या आजीबाईंना कोणत्याहि पाठशाळेंत न जातां होतें. या जुन्या लेपांच्या पंक्तीस अलीकडे एक नवा लेप येऊन बसला आहे. त्याला बाजारांत थर्मल पेस्ट म्हणतात. तो मनुष्याच्या कपाळास लावावयाचा नसून संगणकाच्या कपाळास लावावयाचा असतो. ज्या घरांत संगणक आहे त्या घरांत हा लेप असतोच. परंतु घरांतील मंडळींपैकीं क्वचितच कोणीं तो पाहिलेला असतो. कारण तो दोन धातूंच्या मध्यें दडपलेला असतो, आणि जोंवर तो आपलें काम चोख बजावीत आहे तोंवर त्याच्या दर्शनाचा प्रसंगच येत नाहीं. आमच्यावर तो प्रसंग गेल्या वैशाखांत आला, आणि पैसा व डोळे या दोन्ही बाजूंनीं अडचण असतांना आला. म्हणून त्याविषयीं चार शब्द सविस्तर लिहावेसे वाटले.

प्रथम हा लेप हवाच कशाला, तें पाहूं. संगणकाच्या पेटींत प्रोसेसर नांवाची एक चौकोनी वडी असते. सर्व गणित, सर्व लेखन-वाचन तीच करते; बाकीचे सारे तिचे हुजरे. घरगुती संगणकांतील साधारण प्रोसेसर भर कामांत असतां सुमारें ६५ वॅट वीज घेतो आणि त्या विजेची जवळजवळ सगळी शेवटीं उष्णताच होते. आमच्या पिढीनें साठ वॅटचे पिवळे दिवे पाहिले आहेत. पेटलेल्या दिव्याला बोट लावून पाहण्याचा व्रात्यपणा ज्यानें एकदां केला तो दुसऱ्यांदां करीत नसे. पण त्या दिव्याची उष्णता निदान मुठीएवढ्या कांचेवर पसरलेली असे. येथें ती जेथें जन्मास येते ती सिलिकॉनची चिप सव्वा-दीड चौरस सेंटिमीटरांची, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. कपड्यांच्या इस्त्रीची हजार वॅट उष्णता तिच्या सुमारें दोनशें चौरस सेंटिमीटर तळावर पसरते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास पांच वॅट. प्रोसेसरचा हिशेब याच रीतीनें केला तर तो चाळिसांच्या वर जातो. इस्त्रीहून आठपट प्रखर असा हा निखारा आपण टेबलाखालीं ठेवतों आणि निर्धास्तपणें पत्रें लिहीत बसतों, हें मनांत आणिलें म्हणजे थोडें नवल वाटतें.

ही उष्णता तेथून हलविली नाहीं तर चिप थोड्याच वेळांत शंभर अंशांच्या घरांत जाते, आणि आजच्या बहुतेक प्रोसेसरांची सहनशक्ति तेवढ्यावर संपते. तिच्या रक्षणाची सोय तिच्यांतच केलेली असते. मर्यादा जवळ आली कीं ती आपली गति आपण होऊन कमी करते, आणि तरीहि ताप उतरला नाहीं तर संगणक बंद पाडते. शहाणा बैल चढावर आधीं पाऊल आखडतो आणि मग बसतो, तसाच हा प्रकार. ही पाळी येऊं नये म्हणून प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा, पातळ पातळ पाकळ्या असलेला एक ठोकळा आवळून बसविलेला असतो व त्या ठोकळ्यावर पंखा. चिपची उष्णता तिच्यावरच्या धातूच्या झांकणांत, झांकणांतून ठोकळ्यांत, ठोकळ्यांतून पाकळ्यांत आणि पाकळ्यांवरून वाऱ्यांत जावी अशी ही योजना.

येथें कोणीहि विचारील कीं, सपाट धातूवर सपाट धातु टेकला, वरून स्क्रू आवळले, आतां मध्यें लेपाचें कारण काय? या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं तर्कशास्त्राचीं आरंभींचीं पानें उलटलीं आहेत त्यांना, नकळत कां होईना, ठाऊक आहे. नैयायिक संयोगाला अव्याप्यवृत्ति म्हणतात. म्हणजे संयोग ज्यावर राहतो त्याला तो सगळेंच्या सगळें व्यापीत नाहीं. माकड झाडाला बिलगलें आहे असें आपण म्हणतों, परंतु तें फांदीपाशीं बिलगलेलें असतें. मुळापाशीं माकडाचा मागमूसहि नसतो. विद्यार्थिदशेंत आम्हांस हा बारकावा केवळ पंडितांचा वेळ जावा म्हणून काढलेला वाटे. परंतु धातूच्या दोन पृष्ठांची गोष्ट नेमकी अशीच आहे. डोळ्यांना आरशासारखें दिसणारें पृष्ठ सूक्ष्मदर्शकाखालीं घेतलें तर तेथें आमच्या वेरुळाकडच्या मुलुखासारखे डोंगर आणि दऱ्या दिसतात. अशीं दोन पृष्ठें एकमेकांवर ठेवलीं म्हणजे शेंड्यांना शेंडे तेवढे टेकतात. साधारण दाबाखालीं खरा स्पर्श होतो तो एकंदर क्षेत्रफळाच्या शंभरांत एक-दोन हिश्शांपुरताच; बाकीच्या दऱ्यांत हवा भरून राहते.

आणि हवा ही उष्णतेची वाट अडविण्यांत पटाईत. थंडींत गोधडी आपल्याला ऊब देते ती चिंध्यांच्या गुणानें नव्हे. चिंध्यांच्या थरांत कोंडलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं म्हणून. माघांत आपल्याला वांचविणारी तीच हवा प्रोसेसरच्या डोक्यावर गोधडी घालून बसते. स्वयंपाकघरांतला दाखला हवा असेल तर विजेच्या शेगडीच्या सपाट तबकडीवर बूड वाकलेलें पातेलें ठेवून पाहावें. तबकडी लाल होते आणि दूध तापतां तापत नाहीं. शास्त्रज्ञांनीं पदार्थांची उष्णतावाहकता मोजून ठेवली आहे. त्यांच्या मापानें तांब्याची सुमारें ४००, ॲल्युमिनियमची सुमारें २३५, पाण्याची ०.६ आणि हवेची अवघी ०.०२६. चांगल्या लेपाची ४ ते ८ च्या आसपास. हे आंकडे नीट पाहिले पाहिजेत, कारण लेपाविषयींचे निम्मे गैरसमज येथेंच मिटतात. लेप हवेपेक्षां दीडशें ते तीनशें पट चांगला वाहक आहे खरा. पण तांब्यापेक्षां तो पन्नास ते शंभर पट वाईट आहे. तेव्हां जेथें धातु धातूला टेकला आहे तेथें लेप नकोच. जेथें हवा दडली आहे त्या दऱ्या तेवढ्या त्यानें भराव्या आणि बाकी ठिकाणाहून निमूटपणें बाजूस व्हावें. जाड थापलेला लेप ही दुसरी गोधडीच होय.

हा लेप करतात कशाचा? साधा पांढरा लेप म्हणजे सिलिकॉनचें तेल आणि त्यांत खललेली झिंक ऑक्साइडची वस्त्रगाळ भुकटी. आयुर्वेदांत यशदभस्म म्हणून जें प्रसिद्ध आहे तेंहि मुख्यतः झिंक ऑक्साइडच. कांहीं लेपांत ॲल्युमिनियम ऑक्साइड असतें, महागांत चांदीचें चूर्णहि घालतात. चूर्ण उष्णता वाहतें. तेल चूर्णाला धरून ठेवतें व त्याला दऱ्याखोऱ्यांत पोंचवितें. संस्कृतांत तेलाला स्नेह म्हणतात आणि प्रेमालाहि स्नेहच म्हणतात. चूर्णाचा गोळा ज्या गुणामुळें बनतो तो स्नेह, असें त्याचें लक्षण तर्कसंग्रहांत अन्नंभट्टांनीं केलें आहे. हा गुण त्यांच्या मतें एकट्या पाण्याचा, तेलाचा नव्हे. पण त्या वादांत येथें शिरत नाहीं. आमचे गुरुजी हें शिकवितांना परातींतल्या ज्वारीच्या पिठाचा दाखला देत. पीठ तेंच, परात तीच. पण पाण्याचा हात लागल्यावांचून भाकरी थापली जात नाहीं. या लेपाचें आयुष्यहि स्नेहावरच अवलंबून. प्रोसेसर दिवसांतून अनेक वेळां तापतो व निवतो. तापला कीं धातु फुगतो, निवला कीं आकसतो, आणि या चेपाचेपींत तेल हळूहळू कडेला सरकतें, कांहीं विरूनहि जातें. मागें राहते ती कोरडी भुकटी. तिला भेगा पडतात आणि भेगांत पुन्हां हवा शिरते.

गुरुजींचें नांव निघालें तें उगाच नव्हे. ते पैठणचे. तर्कसंग्रह व लघुकौमुदी शिकवितांना त्यांनीं मराठींत काढलेल्या टिपणांच्या अकरा वह्या त्यांच्या पश्चात् आमच्याकडे आल्या. शाई फिकी झालेली, कडा कसरीनें खाल्लेल्या, आणि कांहीं पानें तर उलटतांनाच हातांत येणारीं. छापणारा कोणी भेटो न भेटो, निदान हा मजकूर संगणकावर उतरवून ठेवावा म्हणून सेवानिवृत्तीनंतर आम्ही तें काम हातीं घेतलें. रोज दोन-अडीच पानें होत. यंत्र मुलाचें, नऊ वर्षांपूर्वीचें. तो नोकरीसाठीं पुण्यास गेला तेव्हां तें मागें राहिलें. सहा वह्या पुऱ्या झाल्या, सातवी चालू होती, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु पिकत आलेला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पावसाळ्याच्या आंत करावयाची ठरली होती व तिच्यासाठीं पेन्शनींतून चाळीस हजार रुपये बाजूस काढून ठेवले होते.

वैशाखांतलें आमचें छत्रपति संभाजीनगर ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांना काय सांगावें! २०२३ सालीं औरंगाबादचें नांव बदललें, पण ऊन तेंच राहिलें आहे. पारा चाळिशी ओलांडतो, दुपारीं समर्थनगरच्या रस्त्यावर कुत्रेंहि दिसत नाहीं, भिंतीला पाठ टेकवत नाहीं. घरोघर कूलर आहेत. पण कूलरला पाणी लागतें, आणि पैठणला जायकवाडीचें एवढें थोरलें धरण उभें असतांहि या शहराच्या नळांना कित्येक वर्षें कित्येक दिवसांच्या अंतरानेंच पाणी येत आलें आहे. कूलरच्या टाकींत बादली ओततांना आमच्या घरांतून जो कटाक्ष टाकला जातो त्यानें खोली थोडी निवते, असा आमचा अनुभव आहे.

अशा एका दुपारीं संगणक मंदावला. अक्षर दाबावें आणि तें पडद्यावर उमटेपर्यंत पुढचा शब्द विसरून जावा, इतका. मग पडदा एकाएकीं काळा झाला. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशीं तेंच. रिक्षांत घालून पेटी बाजारांतल्या एका दुकानीं नेली. तेथील गृहस्थांनीं ती उघडलीहि नाहीं. "गुरुजी, प्रोसेसर जळाला. नऊ वर्षं झाली ना? आता नवीनच घ्या," असें सांगून त्यांनीं एका चिठ्ठीवर अडतीस हजारांचा आंकडा लिहून दिला. त्यांना तरी फार दोष कां द्यावा? तासभर बसून जुनी पेटी साफ करण्यांत त्यांना काय मिळणार? चिठ्ठी घेऊन घरीं आलों. आमच्या घरांतून कांहीं बोलणें झालें नाहीं. ज्या कपाटांत पासबुक होतें त्या कपाटाकडे फक्त पाहणें झालें. मुलाला कळविलें असतें तर त्यानें नाहीं म्हटलें नसतें, पण त्याच्याहि डोक्यावर घराचे हप्ते आहेत. डोळा कीं यंत्र, असा तो सरळ प्रश्न होता; आणि डोळा न करावा तर यंत्र येऊन वाचणार कोण?

परंतु एक गोष्ट मनांत सलत राहिली. जळालेली वस्तु सकाळीं जिवंत होत नाहीं. हें यंत्र सकाळीं सहापासून दहापर्यंत कुरकुर न करतां चाले, दुपारीं दोनला पडे आणि रात्रीं नऊनंतर पुन्हां शहाण्यासारखें वागे. धूर दिसला कीं अग्नि ताडावा, हें ज्यानें जन्मभर घोकलें त्याला एवढें अनुमान जड नव्हतें. बिघाड सूर्याबरोबर चढतो आणि सूर्याबरोबर उतरतो, तेव्हां त्याचें मूळ उष्णतेंत असलें पाहिजे. प्रोसेसरला आपला ताप शेवटीं खोलींतल्या हवेंतच टाकावयाचा असतो. म्हणून खोली जितके अंश तापेल जवळजवळ तितकेच अंश तोहि अधिक तापतो. पौषांतल्या पंधरा अंशांच्या सकाळीं जी झीज पचून जाते ती एकेचाळीस अंशांच्या दुपारीं पचत नाहीं.

आमची नात येथील तंत्रनिकेतनांत दुसऱ्या वर्षाला आहे व शिक्षणासाठीं आमच्याकडेच राहते. तिला हें सारें सांगितलें. तिनें पंखा फिरतो कीं नाहीं तें वांकून पाहिलें आणि म्हणाली, "आजोबा, पंखा तर चालू आहे. मग पेस्ट वाळली असणार. मी उघडते." हे शेवटचे दोन शब्द ऐकून आमच्या पोटांत गोळा उठला. सहा वह्यांची नक्कल तिनें आधींच एका पेनड्राइव्हवर उतरवून दिली होती, ती चिंता नव्हती. पण प्रोसेसर व त्याची बैठक यांच्यामध्यें केसासारख्या शेंकडों पिना असतात. ठोकळा ओढतांना त्यांतील एखादी वाकली तर दुकानदाराची भविष्यवाणी आपल्याच हातानें खरी व्हावयाची, आणि उजव्या डोळ्याला मग दिवाळीपर्यंत थांबावें लागावयाचें. "हें तूं पूर्वीं केलें आहेस काय?" आम्हीं विचारलें. "एकदा. वर्कशॉपमध्ये. सर शेजारी उभे होते." "आतां मी शेजारीं उभा राहतों," असें म्हणून आम्हीं परवानगी दिली. आमच्या उभें राहण्याचा उपयोग काय होता तें देव जाणे.

तिनें पेटी आधीं दहा मिनिटें चालू ठेवली. वाळलेला लेप थंड असतां धातूला सिमेंटासारखा धरतो, किंचित् तापला म्हणजे ढिला होतो. मग वीज तोडून, स्क्रू सैल करून तिनें ठोकळा सरळ वर न ओढतां बरणीच्या झांकणासारखा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असा फिरविला. तो कट् करून सुटला. आम्ही डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हां प्रोसेसर जागच्या जागीं बसलेला होता. त्याच्या कपाळावर जें होतें त्याला लेप म्हणवत नव्हतें. जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे पापुद्रे, मध्यभागीं उघडा धातु आणि कडेला तेलाचा पिवळसर डाग. एवढ्याशा भुकटीसाठीं अडतीस हजारांची चिठ्ठी लिहिली गेली होती. ठोकळ्याच्या पाकळ्यांत नऊ वर्षांची धूळ नमद्यासारखी दाटून बसली होती, ती जुन्या दांतांच्या ब्रशानें निघाली. प्रोसेसर व ठोकळ्याचा तळ दोन्ही तिनें आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या कापडानें, कपड्यावर डाग उठेनासा होईपर्यंत पुसले. जुन्या लेपावर नवा लेप चढवावयाचा नाहीं, हा या शास्त्रांतला पहिला नियम.

नवा लेप दीडशें रुपयांच्या नळींतून आला. तिनें मध्यभागीं वाटाण्याहूनहि लहान असा एक थेंब ठेवला. तो पाहून आमच्या घरांतून आक्षेप आला: "अगं, एवढासाच? कंजुषी कशाला करतेस? सगळीकडे नीट माखून लाव." नात हंसली. "आजी, जास्त लावलं तर उलट जास्त तापेल. आणि हातानं माखलं की मध्ये हवा अडकते. ठोकळा दाबला की हाच थेंब मधून कडेपर्यंत पसरतो आणि हवेला बाहेर ढकलतो." "म्हणजे पुरीच्या यंत्रात लाटी दाबतात तसं," आजी म्हणाली, आणि आम्हीं एवढे आंकडे वाचून जें समजून घेतलें तें तिला एका पुरींत समजलें. हा थर दाबल्यावर फार तर केसाएवढा जाड राहावा, त्याहून पातळ राहिला तर अधिकच चांगलें. स्क्रूहि एकेक करून पुरा आवळावयाचा नाहीं. समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनें, नाहीं तर ठोकळा एका अंगाला कलतो व लेप दुसऱ्या अंगाला जमतो.

त्या दुपारीं दोन वाजतां खोलींत ४० अंश होते. आदल्या दिवशीं याच वेळेला पडद्यावर प्रोसेसरचा ताप ९८ अंश दिसला होता व पुढच्या क्षणीं यंत्र पडलें होतें. आज तो ७१ वर थांबला. आम्ही साडेपांचपर्यंत टंकन करीत बसलों. चार पानें झालीं. कूलर त्या दिवशीं कोरडाच होता.

ही वार्ता शेजारीं पोंचल्यावर एका स्नेह्यांनीं सांगितलें कीं दीडशें रुपये तरी कशाला घालविले, दांत घांसण्याची पेस्ट लावली असती तरी भागलें असतें. हा उपाय पुष्कळांना ठाऊक असतो आणि तो अगदींच खोटाहि नाहीं. तीहि एक ओली, वस्त्रगाळ पूड आहे. पहिल्या दिवशीं दऱ्या भरते आणि ताप उतरलेला दिसतो. पण तिच्यांतला ओलावा मुख्यतः पाण्याचा. ७०-८० अंशांवर तें पाणी थोड्याच दिवसांत उडून जातें आणि मागें खडू राहतो. सिलिकॉनचें तेल तेथें वर्षें काढतें. याच्या उलट टोंकाला हौशी मंडळी असतात. ती दर सहा महिन्यांनीं पेटी उघडून लेप बदलतात आणि दोन अंशांच्या फरकावर वाद घालतात. आमच्या मतें दोन्ही टाळावें. ताप पूर्वींपेक्षां चढूं लागला, धूळ काढूनहि उतरेना, तरच ठोकळा हलवावा.

या हौशी मंडळींचा एक आवडता प्रयोग मात्र आम्हांस कौतुकाचा वाटला, तो त्यांतील धातूच्या नांवामुळें. लेपाऐवजीं ते गॅलियमची पातळ मिश्रधातु वापरतात. १८७१ सालीं मेंडेलीव्ह या रशियन पंडितानें मूलद्रव्यांच्या कोष्टकांत ॲल्युमिनियमच्या खालची जागा रिकामी सोडली आणि तेथें पुढें केव्हां तरी येणाऱ्या, तोंपर्यंत कोणींहि न पाहिलेल्या द्रव्याला 'एका-ॲल्युमिनियम' असें नांव दिलें. त्यांतलें 'एक' हें आपलें संस्कृतांतलें एक. चार वर्षांनीं, १८७५ त, फ्रान्समध्यें लकॉक द ब्वाबोद्राँ यांना तें द्रव्य सांपडलें, तेंच गॅलियम. तें सुमारें २९.८ अंशांवर वितळतें, म्हणजे आमच्या गांवीं चैत्रापासून मृगापर्यंत त्याचा घट्ट खडा कपाटांत ठेवूं म्हटल्यास राहणार नाहीं. त्याची वाहकता साध्या लेपाच्या कित्येक पट आहे. पण तें ॲल्युमिनियमला पोखरून टाकतें, आणि वीजहि वाहतें, त्यामुळें थेंब भलतीकडे ओघळला तर सर्वस्वाचा घात. आमच्या ठोकळ्याचा तळ ॲल्युमिनियमचा. तेव्हां संस्कृतज्ञांनीं त्याच्या नांवाचा अभिमान बाळगावा आणि काम यशदभस्मावर भागवावें.

हें सर्व चाललें असतां नातीनें मोठ्या यंत्रांची गोष्ट काढली. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तेथें 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्याच घराण्यांतील 'परम ब्रह्म' नांवाचा महासंगणक पुढें पुण्याच्या आयसर संस्थेंत बसविण्यांत आला, आणि त्याच्या प्रोसेसरांना नुसत्या वाऱ्यावर न सोडतां त्यांच्या डोक्याशीं भिडविलेल्या पट्ट्यांतून थेट द्रव खेळविण्याची योजना केली गेली. ब्रह्मालाहि ताप होतो हें ऐकून आम्हांस थोडें बरें वाटलें. आम्हीं तिला म्हटलें कीं, पाण्यानें निवविण्याची युक्ति आपल्या गांवाला नवी नव्हे. पाणचक्कीला जाऊन ये. तेथें मैलोगणती दूरच्या डोंगरांतून मातीच्या नळांनीं आणलेल्या पाण्यानें जातें फिरे, आणि जो प्रशस्त हौद आहे त्याच्या खालीं दालन काढलें आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळें तें भर उन्हाळ्यांतहि गार असतें. तिनें क्षणभर विचार केला. "पण आजोबा, तिथं पाणी स्वतःच दगडाला भिडतं. पाणी फटीत शिरतं. इथं प्रोसेसर पण घट्ट आणि पट्टी पण घट्ट. आतून कितीही गार पाणी नेलं तरी दोघांच्या मध्ये लेप लागणारच." हा भेद आमच्या ध्यानांत आला नव्हता. अठराव्या वर्षीं इतकें स्वच्छ बोलणाऱ्या मुलीला गुरुजींनीं पहिल्या बांकावर बसविलें असतें.

ज्येष्ठांत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर कांहीं दिवसांनीं सातवी वही पुरी केली. आतां आठवी चालू आहे. तिच्या समासांत गुरुजींनीं पेन्सिलीनें केलेल्या बारीक टीपा आहेत. त्या आम्हांस पूर्वीं कागदावरचे डाग वाटत, त्याहि आतां वाचतां येतात. संगणकाच्या पेटीच्या आंतल्या अंगाला नातीनें लेप लावल्याची तारीख लिहून ठेवली आहे. नळींत अजून दोन वेळां पुरेल इतका लेप उरला आहे. ती आमच्या घरांतून औषधांच्या डब्यांत, बामाच्या बाटलीशेजारीं ठेवली गेली असल्यामुळें तिच्यावर 'हें मलम नव्हे' अशी चिठ्ठी चिकटवावी लागली.